जुनी ट्रायल्स बाईक आणि तिचं पायलट जेट

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय जुन्या ट्रायल्स बाईकच्या कार्बोरेटरबद्दल, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाबद्दल, आणि समोर गाडी ठेवूया १९७० च्या दशकातली यामाहा टीवाय १७५, टू-स्ट्रोक, मिकुनीचा कार्ब. मिक अँड्र्यूजने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९७४ आणि १९७५ ला यामाहावर जिंकली, त्याच घराण्यातली ही धाकटी. आपल्याकडे ज्यांनी आरएक्स १०० चा कार्ब उघडलाय त्यांना इथलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

ट्रायल्समध्ये स्पीड नसतोच हो, दगडांवरून, ओढ्यातून गाडी माणसाच्या चालीने न्यायची आणि पाय टेकला की पेनल्टी, म्हणजे अख्खा खेळ पाव थ्रॉटलच्या आत चालतो, आणि तिथे राज्य असतं पायलट जेटचं (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा पितळी तुकडा) आणि स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या पडद्याच्या, खालच्या तिरप्या कटचं. तरी गाडी अडखळली की लोक आधी मेन जेट बदलायला बसतात, मला हे अजिबात पटत नाही. मेन जेटचं काम थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडल्यावर, मधल्या टप्प्यात स्लाइडला लटकणारी सुई, आणि खाली पायलट.

चोकवर गाडी चालू होते आणि चोक काढला की मरते, असं असेल तर पहिला संशय पायलट जेटवर घ्या. त्याचं भोक इतकं बारीक असतं की गाडी दोन-चार महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा तिथेच बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, ब्रिटनमध्ये २०२१ पासून ई१० म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत, आपल्याकडे तर ई२०, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. जेट काढा, उजेडासमोर धरा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा, पण स्टीलची तार कृपा करून घालू नका, भोक वाढलं की ते जेट गेलं. आणि नुसतं जेट साफ करून थांबू नका, बॉडीतला बारीक रस्ता पण मोकळा पाहिजे.

मग एअर स्क्रू. हलक्या हाताने पूर्ण आत, तिथून साधारण दीड फेरा बाहेर, इंजिन गरम असताना थोडा इकडे थोडा तिकडे फिरवून जिथे स्लो (थ्रॉटल सोडल्यावरची इंजिनची चाल) सगळ्यात वर आणि एकसारखा लागतो तिथे सोडा. हा हवेचा स्क्रू आहे, बाहेर काढला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. जवळपास पूर्ण आत नेल्यावरच गाडी नीट चालत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठं हवं, अडीच-तीन फेरे बाहेर लागत असतील तर लहान.

चढावर पेट्रोल गळतंय? फ्लोटची (कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई झिजलीय का, फ्लोटची उंची बरोबर आहे का ते बघा, आणि ओव्हरफ्लोचे, श्वासाचे पाइप चिखलाने बुजलेत का तेही, ट्रायल्समध्ये हे फार होतं. पेट्रोल कॉकची जाळी पण तेव्हाच काढून धुवा.

एवढं करूनही थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली येत नसेल, वरच लटकत असेल, तर कुठून तरी हवा शिरतेय. इंजिन स्लोवर ठेवून इनटेकच्या रबराभोवती क्लीनरचा छोटा फवारा मारा, रेस बदलली की लीकेज तिथेच (सायलेन्सर तापलेला असतो, जपून). तिथे नसेल तर मॅग्नेटोकडचं, म्हणजे ठिणगीची वीज बनते त्या बाजूचं, क्रँक सील (क्रँकच्या टोकाशी हवा अडवणारी रबरी कडी) बघा. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची लेव्हल उतरत जाते. हवा शिरून लीन चालणारी टू-स्ट्रोक गाडी पळवू नका, पिस्टन तापून सिलेंडरमध्ये पकडेल. आधी सील बदला, जेटिंगचं नंतर बघू.