बोटीच्या इंजिनाचं इंडियानापोलिसवरचं राज्य

नमस्कार मंडळी! आज अमेरिकेतल्या जुन्या रेसिंग कार्सबद्दल गप्पा मारायच्यात, आणि आधीच सांगतो, आज ड्रायव्हर लोकांबद्दल कमी बोलणारे. रेसिंगचा इतिहास निघाला की कोण जिंकलं, किती स्पीडने जिंकलं, कोण अपघातात गेलं हे सगळे सांगतात, ते सांगायलाच हवं, पण ज्यांनी ती इंजिनं कागदावर काढली आणि वर्कशॉपमध्ये घडवली त्या माणसांची नावं कुणाला माहितीच नसतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून आज तीन माणसं सांगतो. हॅरी मिलर, लिओ गूसन आणि फ्रेड ऑफेनहाउझर.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातल्या रेसिंग ट्रॅकबद्दल तुम्ही ऐकलं असेल. 1909 मध्ये तो बांधला, पहिल्याच रेसेसमध्ये खडी आणि डांबर उखडलं, माणसं मेली, मग त्याच वर्षी त्यावर सुमारे 32 लाख विटा बसवल्या. 1911 ला पहिली 500 मैलांची रेस झाली, रे हॅरून मार्मन वास्प नावाच्या पिवळ्या गाडीतून ती जिंकला, सरासरी स्पीड ताशी साधारण 120 किलोमीटर. ती गाडी आजही तिथल्याच म्युझियममध्ये आहे.

आता आपली माणसं. हॅरी मिलर लॉस एंजेलिसमध्ये कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, बनवायचा. डोक्यात कल्पना भरपूर, पण कल्पनेचं इंजिन व्हायला आधी ड्रॉइंग लागतं, आणि ते काम आलं गूसनकडे. हा आधी ब्युइक कंपनीत ड्राफ्ट्समन होता, टीबी झाला म्हणून हवा बदलायला पश्चिमेकडे आला आणि 1919 मध्ये मिलरकडे लागला. आणि ते ड्रॉइंग धातूत उतरवायला वर्कशॉप सांभाळणारा ऑफेनहाउझर. मिलर म्हणायचा असं काहीतरी हवं, गूसन ते मापात बसवायचा, ऑफेनहाउझर ते बनवून दाखवायचा. मला विचाराल तर अमेरिकन रेसिंगमधली सगळ्यात भारी टीम हीच, गाडीत बसलेली कुठलीही जोडी नाही.

यांच्या 1920 च्या दशकातल्या गाड्या नुसत्या फोटोत बघितल्या तरी नजर हटत नाही. मिलर 91 म्हणून एक गाडी होती, दीड लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, वर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप. दीड लिटर म्हणजे आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या साध्या फॅमिली कारमध्ये असतं तेवढंच, आणि त्यावर फ्रँक लॉकहार्ट या ड्रायव्हरने 1927 मध्ये कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर दोन्ही दिशांची सरासरी ताशी 264 किलोमीटर काढली! शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. 1929 मध्ये लिऑन ड्युरे नावाचा ड्रायव्हर दोन फ्रंट व्हील ड्राइव्ह (पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या) मिलर गाड्या घेऊन युरोपात गेला, तिथे प्रसिद्ध बुगाटी गाड्या बनवणाऱ्या एत्तोरे बुगाटीला त्या इतक्या आवडल्या की त्याने आपल्या तीन गाड्या देऊन त्या दोन घेतल्या आणि त्यातलं दोन कॅमशाफ्टचं (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणाऱ्या दांड्यांचं) डिझाइन अभ्यासून पुढे स्वतःच्या इंजिनात वापरलं. बुगाटीने! युरोपवाले अमेरिकन रेसिंगला नुसतं गोल गोल फिरणं म्हणतात, तेव्हा मला हा सौदा आठवतो.

पण मिलरला पैशाचं गणित जमलं नाही. मंदी आली, महागड्या गाड्या घेणारं कुणी राहिलं नाही, आणि 1933 मध्ये तो दिवाळखोरीत गेला.

आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. 1926 च्या सुमारास या लोकांनी रेसिंग बोटीसाठी एक चार सिलिंडरचं इंजिन बनवलं होतं. साधं, दणकट. ते कुणीतरी गाडीत बसवून बघितलं, मग मोठं केलं, आणि 1930 च्या इंडियानापोलिसला त्या घराण्यातलं इंजिन दुसरं आलं. मिलर बुडाल्यावर ऑफेनहाउझरने मशिनं, पॅटर्न, ड्रॉइंग्ज असं सगळं घेतलं आणि तेच इंजिन स्वतःच्या नावाने बनवत राहिला. लोक त्याला लाडाने ऑफी म्हणायला लागले. 1935 ला केली पेटिलो ऑफीवर इंडियानापोलिस जिंकला.

या इंजिनात विशेष काय होतं ते सांगतो. सिलिंडर असतात तो ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, या दोघांमधली सीलबंद पट्टी म्हणजे हेड गॅस्केट, आणि ज्यांच्या गाडीचं ते कधी उडालंय त्यांना हे लगेच कळेल. ऑफीत हेड आणि सिलिंडर ब्लॉक एकाच ओतकामात, म्हणजे हेड वेगळं नाहीच, म्हणून गॅस्केट नाही, म्हणून उडायचा प्रश्नच नाही. कितीही प्रेशर द्या. तोटा असा की व्हॉल्व्हचं काम करायचं तर सिलिंडरच्या आतून, खालच्या बाजूने हात घालून करावं लागतं, मेकॅनिकचा जीव जातो. पण 500 मैल न थांबता पळायचं असेल तर हाच सौदा बरोबर, आणि आकडेच बघा ना, 1947 पासून 1964 पर्यंत सलग 18 वर्षं इंडियानापोलिस 500 ऑफी इंजिनानेच जिंकली. मालक बदलले, 1946 मध्ये ऑफेनहाउझरने धंदा लुई मायर आणि डेल ड्रेक यांना विकला, तरी इंजिन तेच.

त्याच काळात जॉर्ज सॅलिहने कॅलिफोर्नियात आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एक गाडी बांधली, त्यात ऑफी जवळजवळ आडवं झोपवलं म्हणजे बॉनेट खाली येईल आणि हवा कमी अडेल. 1957 ला त्या गाडीतून सॅम हँक्स जिंकला, 1958 ला त्याच गाडीतून जिमी ब्रायन.

मग 1965 मध्ये जिम क्लार्क लोटस घेऊन आला, इंजिन मागे, तेही फोर्डचं, आणि जिंकला. सगळ्यांना वाटलं ऑफी संपलं. तर नाही! 1968 ला बॉबी अन्सरने टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) लावलेल्या ऑफीवर रेस जिंकली, आणि टर्बोचं ते भयंकर प्रेशर सहन करायला कोण तयार होतं, तर तोच गॅस्केट नसलेला ब्लॉक. ऑफीचा शेवटचा इंडियानापोलिस विजय 1976 चा, जॉनी रदरफर्डचा. ऑफेनहाउझर 1973 ला गेला आणि गूसन 1974 ला, दोघांनाही तो बघायला मिळाला नाही.

आज या गाड्या म्युझियममध्ये आहेत, आणि काही अजून पळतात पण. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी माइल ट्रॅकवर मिलरच्या नावाचा क्लब जुन्या इंडी, म्हणजे इंडियानापोलिसच्या रेसच्या, गाड्या जमवतो आणि खरंच ट्रॅकवर सोडतो. काही जण म्हणतात एवढं जुनं ओतकाम, तडा गेला तर काय करायचं, काचेमागेच ठेवा. त्यांची काळजी मला कळते, पण मला पटत नाही. चार मोठे पिस्टन आणि मेथनॉलवर चालणारं ते इंजिन सुरू झाल्यावर गाडी अख्खी थरथरते, एक्झॉस्टचा आवाज कानात नाही छातीत बसतो, आणि गूसनने कागदावर काय काढलं होतं ते तेव्हाच कळतं. व्हिडिओ भरपूर आहेत, आज रात्री एखादा लावाच, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगले हेडफोन घाला.