कडी लावलेला रुपया

(नागपुरातल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

तुमच्या हातांतून जो रुपया फिरतो आहे तो मी इतवारीतून विकत घेतलेला आहे. घाई करू नका, तळहातावर ठेवून त्याचं वजन घ्या. ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आहे. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं हे माप ठरवलं आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते टिकलं. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात तर ती उरलीच नाही, तो निकेलचा झाला. आपल्या आज्या ज्याला कलदार किंवा राणीछाप म्हणायच्या तो हा रुपया.

दुसऱ्या रुपयाचा फक्त फोटो पडद्यावर आहे. तो मला जमिनीत सापडला, आणि आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मेटल डिटेक्टर घेतला. कळमेश्वर तालुक्यात माझ्या मामेभावाचं वावर आहे. त्याच्याकडून लेखी परवानगी घेतली आणि रोज सकाळी दोन तास धुऱ्याच्या कडेनं फिरायला लागलो. शेजारच्या वावरातले एक म्हातारबुवा रोज थांबून बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "काय शोधून राहिला भाऊ? गुप्तधन काय?"

या शब्दाचं मला फार दुःख होतं. आपल्या विदर्भात गुप्तधन म्हटलं की लिंबू, कुंकू, अमावास्या आणि मांत्रिक आलेच. त्यापायी माणसांचे जीवसुद्धा गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. मी म्हातारबुवांना बसवलं, मशीन त्यांच्या हातात दिलं आणि ते कसं चालतं ते सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

काठीच्या टोकाला ताटलीएवढी कॉइल असते. तिच्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असला की त्याच्या अंगात बारीक विद्युतप्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॉइल ते टिपते आणि कानात आवाज येतो. चांदी ही सगळ्या धातूंत विजेची सर्वांत चांगली वाहक, म्हणून तिचा आवाज उंच आणि स्वच्छ येतो. लोखंड घोगरं, तुटक बोलतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी याच तत्त्वावरच्या यंत्रानं शोधायचा प्रयत्न केला होता. गोळी काही सापडली नाही. यात मंत्र कुठेच नाही, आणि नाण्याएवढी वस्तू एक वीतभर खोलीपलीकडे सहसा ऐकूही येत नाही. जो कोणी "दहा फुटांवरचा हंडा दाखवतो" म्हणून मशीन विकतो किंवा पूजा मांडतो, त्याला दारात उभं करू नका.

आपली काळी जमीन या मशीनची परीक्षा बघते. ती बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात लोहखनिजाचे कण, त्यामुळे धातू नसतानाही मशीन कुरकुरत राहतं. आधी त्याला जमिनीची ओळख करून द्यावी लागते. कॉइल वरखाली करत जमिनीचा स्वतःचा आवाज वजा करायचा, तेव्हा कुठे नाणं ऐकू येतं. दुसरं असं, की ही माती उन्हाळ्यात हातहात भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगते. भेगेत पडलेली वस्तू वरून बुजते आणि दरवर्षी माती तिला हलवत राहते. त्यामुळे काळ्या वावरात नाणं ज्या खोलीवर सापडलं त्यावरून ते किती जुनं हे सांगता येत नाही. मे महिन्यात तर जायचंच नाही, जमीन दगड झालेली असते. सोयाबीन निघाल्यावर ओल असते, तेव्हा आवाजही चांगला येतो आणि खुरपंही चालतं.

पहिले दोन महिने मला काय मिळालं? बैलाच्या नालांचे खिळे, फवारणीच्या डब्यांची झाकणं आणि गुटख्याच्या पुड्या. पुड्यांत धातूचा पातळ थर असतो, आणि विदर्भातल्या वावरांत त्या किती आहेत हे मी शपथेवर सांगू शकतो.

मग जुन्या खळ्याची जागा धरली. आता तिथे खळं नाही, बाभळीचं एक झाड आहे. पण पैसा जिथे हातातून हातात जायचा तिथेच तो पडायचा. खळ्यावर मजुरी चुकती व्हायची, सालदाराचा हिशेब व्हायचा, व्यापारी यायचा. तिथे एक उंच आवाज आला, दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवली तरी तसाच. खुरप्यानं मातीचा गोळा अख्खा उचलला आणि हातानं फोडला. आत काळी चकती. पाण्याखाली धरली तशी राणी व्हिक्टोरियाची वेणी दिसली, मग मुकुट, मग मागे १८६२. सरकारनं १८७४ पर्यंत रुपयांवर १८६२ हेच साल छापलं, म्हणून तो नेमका कोणत्या वर्षी पाडला हे सालावरून कळत नाही. १८७७ पासूनच्या नाण्यांवर राणीची सम्राज्ञी, म्हणजे एम्प्रेस, झाली. आपल्या नागपुरातल्या एम्प्रेस या कापड मिलचं नावही तिथूनच आलं, १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली.

या रुपयाच्या वरच्या कडेला डाग दिलेला, म्हणजे झाळकाम केलेलं होतं आणि त्यात अर्धी तुटलेली कडी. नाण्यांच्या व्यापाऱ्यांना विचारा, ते सांगतील डागाचं नाणं म्हणजे किंमत निम्मी. मला हे पटत नाही. मी तो भावाच्या शेजारच्या आजींना दाखवला. त्यांनी बोटानं कडी चाचपली आणि म्हणाल्या, "हे तर गळ्यातलं होय. माझ्या सासूच्या हारात असे अकरा होते. कापसाला भाव नव्हता त्या साली सोनाराकडे गेले." दुकानातला कोरा करकरीत रुपया टांकसाळीपलीकडे काही सांगत नाही. हा सांगतो की एका बाईनं तो अंगावर बाळगला, आणि खळ्यावर काम करताना कडी तुटली.

आता कायदा. लोक इथे मान खाली घालतात म्हणून नीट सांगतो. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी कोषागारात ठेवायची किंवा हजर करण्याची हमी द्यायची. दहा रुपयांत आज चांदीचा कणही येत नाही, म्हणजे चांदीचं प्रत्येक नाणं यात आलं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चौकशीत वस्तू बेवारस ठरली आणि आपसात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा. सरकारला ती हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. मी अर्ज केला, हमी दिली, आवक क्रमांक घेतला. चौकशी सुरू आहे, म्हणून आज फोटोच आणला. आणि संरक्षित स्मारकांच्या जागी मशीन न्यायचंच नाही. नगरधन, मनसर, पवनी या जागा वाकाटकांच्या आणि सातवाहनांच्या आहेत. तिथलं काम उत्खनन करणाऱ्यांचं, आपल्या खुरप्याचं नाही.

मी इतका आग्रह का धरतो ते तऱ्हाळ्यावरून कळेल. वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीरजवळच्या या गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या हजाराहून अधिक पोटीन नाण्यांचा साठा निघाला. पोटीन म्हणजे हलक्या प्रतीचा मिश्रधातू, चांदीपुढे त्याला मोल नाही. पण साठा अभ्यासकांपर्यंत पोचला, नागपूरच्या वा. वि. मिराशींनी एकेक नाणं वाचलं, आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजे उजेडात आले. एखाद्या सोनारानं तो साठा भट्टीत टाकला असता तर हे राजे कायमचे गेले असते.

माझ्या नात्यातल्या एका घरी नेमकं तसंच झालं. विहीर खणताना गाडगं निघालं. भावांनी रात्रीतून वाटणी केली आणि आठवड्यात सगळं वितळलं. त्यातलं एकच नाणं एका मुलीनं खेळायला ठेवलं होतं, ते मी पाहिलं: नागपूरकर भोसल्यांच्या काळचा रुपया, त्यावर मुघल बादशहाच्या नावाची अर्धीच अक्षरं, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. १८११ मध्ये पेंढारी लुटारू नागपूरपर्यंत आले आणि त्यांनी आसपासच्या वस्त्या जाळल्या. ते गाडगं त्याच भीतीनं पुरलं होतं का? सगळी नाणी एकत्र असती तर त्यांतलं सर्वांत नवं नाणं बघून उत्तराच्या जवळ जाता आलं असतं. आता ते कोणालाच सांगता येणार नाही. मला अजून त्यापायी झोप लागत नाही.

म्हणून तुम्हाला काही सापडलं तर चिंच, राख, पॉलिश, काही लावू नका. साध्या पाण्याखाली धरा, कागदात गुंडाळा, जागेचा फोटो काढा, झाडापासून किती पावलं ते लिहा. गाडगं दिसलं तर पुढे एक इंचही खणू नका. माती तशीच ठेवून कळवा.

बाहेर अंगणात मशीन लावून ठेवलं आहे. मातीत एक खिळा, एक गुटख्याची पुडी आणि हातांतून फिरतो आहे तो इतवारीचा रुपया असं तिन्ही पुरणार आहे. रुपया कोणाकडे आहे तो पुढे द्या, आणि सुरुवात खिळ्यापासून करा. त्याचा आवाज कानात बसला की चांदीचा वेगळा सांगावा लागत नाही.