माजघराची भिंत आणि वायफाय

नमस्कार श्रोतेहो.

आमचं घर सांगलीच्या गावभागातलं, जुनं. माजघराची भिंत चांगली दीड हात जाड, दगडमातीची. 2019 च्या पुरात खालचा मजला बुडाला, तेव्हापासून विजेवर चालणारं सगळं माडीवर चढलंय. वायफाय पसरवणारा राउटरही जिन्याच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागं जाऊन बसला. मग रोजची कुरकुर. मुलीचा लॅपटॉप झकास चालतोय आणि माजघरापलीकडं भावाच्या कॉम्प्युटरवर नुसतं चक्र फिरतंय.

भाऊ म्हणाला, "दादा, मोठा प्लॅन घेऊ."

म्हटलं, थांब जरा. आपला प्लॅन 100 एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एकानं सिनेमा लावला, तिघं अभ्यास नि हिशेब करत बसले, तरी तेवढ्यात भागतं. घरापर्यंत नेट नीट येत होतं, अडत होतं ते भिंतीशी.

राउटरच्या लहरी दोन. 2.4 गिगाहर्ट्झची जरा संथ, पण भिंत ओलांडून पुढं जाते. 5 गिगाहर्ट्झची चपळ, मात्र एकदोन भिंतींतच दमते. भिंतीनं ओल धरली की दोघींचेही हाल. त्यात मायक्रोवेव्हही 2.4 च्याच आसपास चालतो. आमच्याकडं पापड भाजायला लावला की भावाची मीटिंग अडखळायची, आणि आम्ही शिव्या घालायचो नेटवाल्याला!

राउटर कपाटामागून काढून माडीच्या मधोमध, उंच फळीवर ठेवला. पैसा एक लागला नाही, निम्मी तक्रार तिथंच मिटली. भावासाठी रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढं पोचवणारा डबा, तोही आणून पाहिला. पण तो स्वस्तातला, ज्या लहरीवर ऐकायचं त्याच लहरीवर पुढं सांगायचं, त्यामुळं निम्मा वेग त्यातच खर्ची पडायचा. शेवटी खिडकीच्या चौकटीतून लॅनची वायर, म्हणजे राउटरपासून थेट कॉम्प्युटरला जाणारी नेटची वायर ओढली. ती 100 मीटरपर्यंत बिनघोर चालते, आमचा अख्खा वाडा त्यात मावतो. जो कॉम्प्युटर टेबलावरून हलत नाही, त्याला वायरच द्यावी, वायफाय फिरत्या लॅपटॉपांना ठेवावं, असं माझं स्वच्छ मत आहे.

पासवर्डाचं तेवढं बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायचं कुलूप म्हणून डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 निवडा, आणि पासवर्ड आडनाव-घरनंबर असला नको. गणपतीत पाहुण्यांचा राबता असतो, त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढून ठेवलंय.

मोठ्या प्लॅनचं नाव भाऊ आता काढत नाही. वहिनींचं मात्र म्हणणं आहे, ती निळी वायर भिंतीच्या रंगात रंगवून द्या.