पायाखाली माती होती तेव्हापासून

[दृश्य: सकाळ. दगडी चर्च, भोवती थडगी, उंच झाडं.]

फिलाडेल्फियाहून पश्चिमेकडे जाणारी लोकल सेंट डेव्हिड्स नावाच्या स्टेशनवर थांबते. शांत रस्ते, मोठी अंगणं, घरासमोर गाड्या. स्टेशनचं नाव आलं ते याच परिसरातल्या एका लहानशा चर्चवरून. ओल्ड सेंट डेव्हिड्स, रॅडनर.

9 मे 1715 रोजी याची पायाभरणी झाली. बांधणारे होते वेल्समधून इथं येऊन राहिलेले लोक. फिलाडेल्फिया शहरातल्या क्राइस्ट चर्चचे पाळक इव्हान इव्हान्स स्वतः वेल्श. ते इथं येऊन वेल्शमधून उपदेश करायचे. मग या वस्तीनं लंडनच्या एस.पी.जी. या मिशनरी संस्थेकडे अर्ज केला, की आम्हाला आमची भाषा बोलणारा पाळक द्या. चर्च उभं राहिलं, त्याला नाव दिलं वेल्सच्या संताचं.

परक्या मुलखात आईच्या भाषेत प्रार्थना करता यावी, ही ओढ मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पुढं एकोणिसाव्या शतकात याच एस.पी.जी.चं काम आपल्या नगर जिल्ह्यातही उभं राहिलं.

[दृश्य: भिंतीला लागून चढणारा दगडी जिना.]

हा जिना बघा. आतून नाही, बाहेरून चढतो आणि थेट वरच्या गॅलरीत जातो. सुरुवातीला आत फरशीसुद्धा नव्हती. लोक मातीवर उभे राहायचे, मातीवरच गुडघे टेकायचे.

1776 साली या दारात मोठा पेच उभा राहिला. पाळक विल्यम करी कितीतरी वर्षं इथं सेवा करत होते. उपासनेत इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना असायची आणि दीक्षा घेताना त्यांनी राजनिष्ठेची शपथ घेतलेली. आता देश राजाविरुद्ध उठला होता. शपथ मोडणं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी राजीनामा दिला. त्यांना दोषी धरायला माझं मन धजत नाही.

हा पेच सगळ्या वसाहतींतल्या अँग्लिकनांचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या अनुयायांचा होता. राजाची शपथ घेतल्याशिवाय इंग्लंडचे बिशप कुणाला बिशप करू शकत नव्हते. म्हणून सॅम्युअल सीबरी हे अमेरिकन पाळक, जिथं ही शपथ लागत नव्हती त्या स्कॉटलंडला गेले आणि 1784 मध्ये ॲबर्डीनला बिशप झाले. अमेरिकेतल्या अँग्लिकनांचं आता वेगळं चर्च झालं, एपिस्कोपल चर्च. 1789 मध्ये त्याचं स्वतःचं प्रार्थनापुस्तक आलं. त्यात राजाच्या जागी राष्ट्राध्यक्षांसाठी प्रार्थना.

[दृश्य: रस्त्याकडेची पाटी.]

अमेरिकेत गावोगावी ही पाटी दिसते: ‘द एपिस्कोपल चर्च वेलकम्स यू’. तिच्यावरच्या ढालीत निळ्या चौकोनात नऊ छोटे क्रूस आहेत. ते 1789 च्या नऊ धर्मप्रांतांचे, म्हणजे बिशपांच्या विभागांचे. त्यांची मांडणी स्कॉटलंडच्या झेंड्यावरच्या तिरप्या क्रूसासारखी, तिथल्या त्या उपकाराची आठवण म्हणून.

पण पाटीवरचा शब्द सगळ्यांसाठी सारखा खरा नव्हता, हेही सांगायलाच हवं. अनेक चर्चमध्ये कुटुंबं बाकांचं भाडं भरायची. ऐपत नसेल त्यानं मागं बसावं. याच फिलाडेल्फियात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲब्सलम जोन्स एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय प्रीस्ट झाले. त्यांच्या सेंट थॉमस चर्चला सामावून घेतलं खरं, पण धर्मप्रांताच्या सभेत मात्र त्या मंडळीला कित्येक दशकं स्थान नव्हतं. वारसा सांगायचा तर हेही त्यातच आलं.

[दृश्य: रविवार. दार उघडं, लोक आत येताहेत.]

नवखा माणूस आत येतो तेव्हा पहिली अडचण अगदी साधी असते. पुस्तकं दोन, एक प्रार्थनेचं, एक गीतांचं. कुठलं पान? कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे? अशा वेळी शेजारच्यानं आपलं पुस्तक उघडून पान दाखवलं, की पाटीवरचं वाक्य खरं होतं. मग ‘प्रभूची शांती’ म्हणत सगळे हात मिळवतात. उपासना संपल्यावर बाहेर कॉफी असते. खरी ओळख तिथं होते, कुठून आलात, मुलं किती.

पुण्याच्या पंचहौद चर्चमधली मंडळी इथं आली, तर प्रार्थनांचा क्रम त्यांना ओळखीचा वाटेल. त्यांचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि हे चर्च एकाच अँग्लिकन परिवारातली.

[दृश्य: वेदीसमोरचा कठडा. हात.]

प्रभुभोजनाला लोक कठड्याशी येतात. बाप्तिस्मा झालेला असेल तो डाव्या तळहातावर उजवा ठेवतो, आपण तीर्थ घेतो तसा, आणि भाकर घेतो. ज्याला घ्यायची नाही, तो छातीवर हात दुमडतो. पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मग पुढच्याकडे वळतात.