गोरज मुहूर्त आणि आंबोलीचा पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नाचे मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतर निघतात, आणि म्हणून ज्या घरी वैशाखात जमले नाही, त्या घरी ज्येष्ठात धांदल उडते. तळकोकणात तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच पाऊस येऊन ठेपलेला असतो. अशा दिवसांत घाटमाथ्यावरच्या लग्नाचे छायाचित्रण करण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांच्यासाठी आणि त्यांना बोलावणाऱ्या घरांसाठी आज मी बोलणार आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की पावसात ठरवलेली जागा जाते, ठरवलेली वेळ जाते, उजेडही जातो. विधी मात्र जात नाही. छायाचित्रकाराने विधीचा हात धरून राहावे.

हे मला नीट उमगले ते आंबोलीच्या एका लग्नात. सावंतवाडीहून घाट चढून गेले की समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर हे गाव लागते आणि तेथे वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. लग्न मुलीच्या घरी होते आणि मुहूर्त गोरज होता. दुपारी कावळेसादच्या कड्यावर वधूवरांची छायाचित्रे घ्यायची आणि संध्याकाळी खळ्यातल्या मंडपात लग्न लावायचे, असे ठरले होते. दुपारी धुके असे उतरले की समोरचा फणसही दिसेना, आणि पाठोपाठ निरोप आला की घाटात झाड आडवे पडले असून नवरदेवाचे वऱ्हाड पलीकडे अडकले आहे. थोड्या वेळाने वीज गेली. मंडपावरची ताडपत्री पाण्याने फुगून मधोमध लोंबू लागली, तेव्हा घरातल्या पुरुषांनी बांबूने ढोसून पाणी काढले आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी लग्न पडवीत लावण्याचा निर्णय घेतला.

ताडपत्री निळी होती, हे येथे मुद्दाम सांगतो. निळ्या ताडपत्रीखाली दिवसाच्या उजेडात माणसांचे चेहरे निळसर येतात आणि तो रंग मागाहून पुरता निघत नाही. म्हणून पाहुण्यांची छायाचित्रे मी पडवीच्या कडेला घेतली, जेथे आभाळाचा सरळ उजेड येत होता. मांडवाला ताडपत्री घेताना पांढरी मिळाली तर पांढरीच घ्यावी, असे मी प्रत्येक घरी सांगत असतो.

वाट पाहण्याच्या त्या वेळात मुलीची आजी माजघरात अंतरपाट उलगडून बसली होती. रुखवताची टोपली आणताना तो भिजला होता आणि त्यावरचे कुंकवाचे स्वस्तिक पसरून त्याला लाल ओघळ फुटले होते. दुसरे कापड आणू, असे कोणीतरी म्हणाले. आजीने मान हलवली, अंतरपाट चुलीच्या उबेला धरला, आणि बोट कुंकवात बुडवून त्याच फिकट रेषांवरून नवे स्वस्तिक काढले. तिच्या नखाच्या कडेला रोजच्या कामाची राख होती आणि बोटाच्या पेरापर्यंत कुंकू लागले होते. आमच्याकडच्या लग्नाच्या अल्बमांत घरातली सर्वांत वृद्ध बाई बहुधा एकाच छायाचित्रात असते, तेही रांगेत उभी केलेली, आणि हे मला फार खटकते. तिचे हात लग्नात कितीतरी कामे करत असतात. ते हात टिपलेच पाहिजेत.

गावातल्या मुलांनी कोयते-कुऱ्हाडी घेऊन झाड तोडले आणि मुहूर्ताला थोडाच अवधी उरला असताना नवरदेव आला. त्याचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले होते आणि मुंडावळ्या मात्र त्याने रुमालात गुंडाळून कोरड्या आणल्या होत्या. पडवीत वधूच्या मागे वाशाला गॅसबत्ती टांगलेली होती. मी फ्लॅश लावला नाही. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली, आणि मी वराच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा बत्तीच्या उजेडाने वधूची सावली त्या कापडावर उमटलेली दिसली : वाकलेली मान, कपाळावरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या, हातातला हार, आणि सावलीच्या छातीशी आजीचे ताजे स्वस्तिक. ५० मिलिमीटरची लेन्स, तिचे प्रकाश आत घेणारे छिद्र १.८ वर म्हणजे चांगले मोठे उघडलेले, शटर सेकंदाचा साठावा भाग आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० एवढ्यावर ते चित्र मिळाले. वीज असती, तर चारही बाजूंच्या दिव्यांत ती सावली पडलीच नसती.

आणि येथे मला एक ठामपणे सांगायचे आहे. चित्र नीट आले नाही म्हणून भटजींना थांबवणे, घातलेला हार काढून पुन्हा घालायला लावणे, हे कोणत्याही छायाचित्रकाराने करू नये. लग्न त्या घराचे आहे. पुन्हा सांगतो : जागा जाते, वेळ जाते, उजेड जातो, विधीचा हात सोडू नये.

आता थोडे तंत्राचे. धुक्यात कॅमेऱ्याला सगळे पांढरे दिसते आणि तो चित्र काळवंडून टाकतो, म्हणून प्रकाश एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावा. पावसात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की जवळचे थेंब पांढऱ्या ठिपक्यांसारखे चेहऱ्यांवर येतात. तोच फ्लॅश माणसांच्या मागे ठेवला तर पाऊस चमकतो आणि चेहरे मोकळे राहतात. बाहेरच्या गारठ्यातून चुलीच्या उबेत गेल्यावर लेन्सवर लगेच दव धरते, तेव्हा कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे बंद पिशवीतच राहू द्यावा आणि मग काढावा. लेन्सला हूड, म्हणजे तिच्या तोंडाशी बसणारे आडोशाचे कडे, लावावे, आणि पुसायची सुती फडकी खिशात न ठेवता डब्यात ठेवावीत, कारण खिसा भिजतोच.

घरी आल्यावर ओला कॅमेरा तसाच बॅगेत बंद करून ठेवू नये. बॅटरी आणि कार्ड काढून सगळी झाकणे उघडी ठेवावीत, पंख्याखाली वाळवावे आणि नंतर ओल शोषून घेणारे सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवावे, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते. कार्डावरची छायाचित्रे मात्र त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून घ्यावीत, कितीही दमलेले असलो तरी. नमस्कार.