टायको बघायचं तर तिथी पाहून या

मंडळी, दुर्बीण लावायची म्हटली की लोक पौर्णिमा मागतात. मी म्हणतो, पौर्णिमेला मसाला दूध प्या, दुर्बीण राहू द्या. चंद्रावरची विवरं बघायला ती सगळ्यात वाईट रात्र. सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ पडतो, सावल्या उरत नाहीत आणि सावली गेली की खोलीही गेली.

एक विवर मात्र याला पुरून उरतं. कोजागिरीच्या मध्यरात्री दक्षिणेकडे तोंड करून वर पाहा. चंद्राच्या खालच्या भागात एक पांढरा ठिपका आणि त्यातून चहूकडे गेलेले फटकारे दिसतील. भिंतीवर चुन्याचा गोळा फेकून मारावा तसे. हे टायको. टायको ब्राहे या डॅनिश खगोलवेत्त्याचं नाव त्याला दिलेलं आहे.

व्यास सुमारे 85 किलोमीटर. मुंबईहून लोणावळ्याला जायला जेवढा रस्ता कापावा लागतो, साधारण तेवढा. खोली पावणेपाच किलोमीटरच्या आसपास. आपलं लोणार 1.8 किलोमीटरचं, साधं वाडग्यासारखं. टायकोच्या मधोमध मात्र डोंगर उभा आहे, तळापासून जवळपास दोन किलोमीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षाही वर. ही विवरं अवकाशातून धोंडा आदळून होतात. एवढ्या मोठ्या आघातात खडक दाबला जातो आणि मग उसळी मारून वर येतो. पाण्यात दगड टाकल्यावर मधून थेंब उडतो ना, तसा. फरक एवढाच की ही उसळी तिथेच गोठली. 2011 मध्ये अमेरिकेच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने या शिखराचा फोटो काढला, तर माथ्यावर सव्वाशे मीटरच्या घरातला एक धोंडा बसलेला! तो तिथे कसा टिकला, याचं मला अजून नवल वाटतं.

आता फटकारे इतके पांढरे का? कारण टायको तरुण आहे. सौर वारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा कणांचा झोत, आणि बारीक उल्कांचा मारा चंद्रावरची माती हळूहळू काळवंडवतो. इथे ते काम अजून पुरं झालेलं नाही. वय कसं काढलं, ती गंमत ऐका. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 हे माणसांना घेऊन गेलेलं यान चंद्रावर उतरलं ते टायकोपासून दोन हजार किलोमीटरहून लांब. तिथे एका डोंगराची दरड कोसळलेली होती. टायकोतून उडालेला मालमसाला त्या डोंगरावर आदळला आणि दरड सुटली, असा तर्क. तिथल्या नमुन्यांवरून आकडा आला सुमारे 11 कोटी वर्षं. पृथ्वीवर तेव्हा डायनोसॉर हिंडत होते.

शेजारी दक्षिणेला क्लेव्हियस नावाचं विवर आहे, सव्वादोनशे किलोमीटरचं, टायकोहून कितीतरी म्हातारं. पौर्णिमेला ते शोधूनही चटकन सापडत नाही. पण शुद्ध नवमीच्या सुमाराला या, चार इंच रुंद भिंगाची दुर्बीण पुरे. उजेड-अंधाराची रेघ तेव्हा टायकोवरून सरकत असते. फटकारे गायब, आणि आपला हिरो शेकडो विवरांच्या गर्दीत हरवलेला. क्लेव्हियसच भाव खाऊन जातं! टायकोचा तळ काळाकुट्ट, कडेला उजेडाची कोर. डोळा काचेला लावून थोडं थांबा. त्या काळोखाच्या मधोमध एक ठिणगी पेटते. तळाला अजून रात्र असते, शिखराला ऊन लागलेलं असतं.