हर्मन मायरची ती क्लिप, आणि क्लिपमध्ये नसलेलं बाकी सगळं

नमस्कार मंडळी! ऑस्ट्रियाचा स्कीपटू हर्मन मायर म्हटलं की लोक एकच क्लिप पाठवतात. 1998, जपानमधलं नागानो हिवाळी ऑलिंपिक, डाउनहिलची, म्हणजे उतारावरून सर्वात वेगानं खाली यायची शर्यत. माणूस आडवा होऊन हवेत उडतो, आपटतो, कोलांट्या खात जाळीची दोन कुंपणं फोडून पलीकडे जातो. इथे दाखवली तर कॉपीराइटवाले दारात येतील, तेव्हा तुम्हीच शोधा. पण मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त भारी वाटतं.

मायर ऑस्ट्रियातल्या फ्लाखाऊ गावचा. वडिलांची स्की-शाळा होती. मोठं व्हायचं तर श्लाडमिंगच्या स्की-अकादमीतून जायचं, ही तिथली मळलेली वाट. पंधराव्या वर्षी त्याला तिथून घरी पाठवलं. अंगानं लहानखुरा, त्यात गुडघे दुखायचे. मग काय, उन्हाळ्यात गवंडीकाम आणि हिवाळ्यात लोकांना स्की शिकवायचं. हे वर्षानुवर्षं चाललं.

स्कीइंगचा वर्ल्ड कप म्हणजे हंगामभर गावोगावी होणाऱ्या शर्यतींची मालिका. जानेवारी 1996 मध्ये ती त्याच्याच गावात आली. शर्यत जायंट स्लालमची, म्हणजे खुणेच्या काठ्यांमधून वळणं घेत दोन फेऱ्यांत उतरायची. शर्यतीआधी काही स्कीपटूंना उतारावरून सोडतात, मार्ग ठीक आहे ना, घड्याळं चालतायत ना हे बघायला. त्यांना फोररनर म्हणतात. त्यांची वेळ निकालात धरत नाहीत. मायर असा फोररनर म्हणून उतरला आणि त्याची वेळ बाराव्या क्रमांकाची निघाली! वय 23. या खेळात एव्हाना माणूस नावारूपाला आलेला असतो. पण संघाचं दार उघडलं, आणि फेब्रुवारी 1997 मध्ये गार्मिशला त्यानं वर्ल्ड कपची पहिली शर्यत मारली.

आता नागानो. 13 फेब्रुवारी, वारा सुटलेला. डावीकडच्या वळणावर त्यानं फार सरळ रेष धरली. सरळ रेषेत अंतर वाचतं, वेग टिकतो; पण ताशी शंभर किलोमीटरच्या वर असताना जमीन सुटली की पुढचं आपल्या हातात नसतं. खांदा आणि गुडघा दुखावला. खराब हवामानामुळे सुपर-जी (डाउनहिल आणि जायंट स्लालम यांच्या मधली, एकाच फेरीची वेगवान शर्यत) पुढे ढकलली गेली, तेवढीच उसंत. तीन दिवसांनी सुपर-जीचं सुवर्ण, 0.61 सेकंदांच्या फरकानं. पुढे आणखी तीन दिवसांनी जायंट स्लालमचंही.

लगेच आकड्यांकडे वळतो. वर्ल्ड कपमध्ये पहिल्याला 100 गुण, दुसऱ्याला 80, आणि तिसाव्याला फक्त 1. 1999-2000 च्या एका हंगामात मायरनं 2000 गुण केले. वीस शर्यती जिंकल्यावर होतील तेवढे!

आणि मग ऑगस्ट 2001. राडश्टाटजवळ त्याची मोटरसायकल एका गाडीला धडकली. उजवा पाय गुडघ्याखाली इतका चिरडला की कापावा लागेल अशी भीती होती. पाय वाचला, आत टायटॅनियमचा रॉड बसला. 2002 चं सॉल्ट लेक ऑलिंपिक हुकलं.

स्कीइंगमध्ये वळताना सगळा भार बाहेरच्या पायावर येतो. म्हणजे प्रत्येक डाव्या वळणाला तोच उजवा पाय. जानेवारी 2003 मध्ये आडेलबोडेनला तो परतला, तर पहिल्याच फेरीत 31वा. दुसऱ्या फेरीत पहिल्या 30 जणांनाच प्रवेश! लोक हळहळले. पण दोनच आठवड्यांनी कित्झब्यूलची सुपर-जी त्यानं जिंकली. माझं मत विचाराल तर नागानोची दोन सुवर्णं एका पारड्यात आणि ही एक शर्यत दुसऱ्यात.

पुढच्या हंगामात, 2004 ला, वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद परत त्याचंच. चौथ्यांदा. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये एक रौप्य, एक कांस्य. नोव्हेंबर 2008 मध्ये, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, कॅनडात लेक लुईसला त्यानं 54वा आणि शेवटचा वर्ल्ड कप विजय मिळवला. सुपर-जीच होती.